कळप नावाचा रकाना: ‘व्हॅम्पायर: द मास्करेड’, पाचवी आवृत्ती

रक्तपेढीत काम करताना मला चौदा वर्षं झाली. पिशवी भरत आली की काट्यावर नजर ठेवायची, सुई काढायची, कापूस दाबून धरायला सांगायचं आणि दाता लगेच उठायला लागला की त्याला पुन्हा बसवायचं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे एका जुन्या मैत्रिणीने व्हॅम्पायरांचा खेळ मांडलाय, ये, असं म्हटलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले होते. दिवसभर रक्ताचा थेंब न् थेंब जपायचा आणि रात्री टेबलाशी बसून ते पिणाऱ्यांच्या भूमिकेत शिरायचं, हे मनाला पटत नव्हतं. ती म्हणाली, “तूच यायला हवीस. बाकीच्यांना रक्त द्यायला किती लागतं ते माहीत नाही.”

गेले आठ महिने आम्ही चौघं दर पंधरा दिवसांनी खेळतोय. व्हॅम्पायरांनी माणसांशी कसं वागावं हा प्रश्न इतका सरळ आपल्या हातात देणारं दुसरं काही माझ्या वाचनात, पाहण्यात आलेलं नाही. म्हणूनच जिथे या खेळाचं नियमपुस्तक चुकतं तिथे ते मला फार लागतं.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. ‘व्हॅम्पायर: द मास्करेड’ १९९१ साली व्हाइट वुल्फने पहिल्यांदा काढला, मी लिहितेय ती पाचवी आवृत्ती २०१८ची. पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण स्टोरीटेलर होतो आणि जग चालवतो (आमच्यात ती माझी मैत्रीण), बाकीचे एकेक व्हॅम्पायर घेतात. दहा बाजूंचे फासे टाकायचे, ६ किंवा जास्त पडलं की यश. जिंकणं-हरणं असं काही नसतं. आपलं पात्र रात्रीमागून रात्री काय होत जातं, एवढंच पाहायचं.

पहिल्या दिवशी मी कॅरेक्टर शीट, म्हणजे आपल्या पात्राची माहिती लिहायचा कागद, भरायला घेतली आणि एका रकान्याशी थांबले. व्हॅम्पायरकडे काय काय आहे याची यादी असते: पैसा, राहायची जागा, ओळखीपाळखी. त्याच यादीत, त्याच टायपात, ‘हर्ड’ असा शब्द आहे. हर्ड म्हणजे कळप. ज्यांचं रक्त तुम्हाला सहज मिळतं अशी माणसं. एकापासून पाचपर्यंत ठिपके काळे करायचे. घराचे दोन ठिपके, पैशाचे तीन, माणसांचे दोन. या समाजाची बोलीही तशीच. ते स्वतःला ‘किंड्रेड’ म्हणवतात, म्हणजे सगेसोयरे, आणि आपल्याला ‘काइन’. काइन हा गायीगुरांसाठीचा जुना इंग्रजी शब्द. ज्याचं रक्त प्यायचं तो ‘व्हेसल’, म्हणजे भांडं. जुलमाची सुरुवात भाषेपासून होते हे लिहिणाऱ्यांना नेमकं कळलेलं आहे. चार सेशननंतर आमच्यातला सगळ्यात धाकटा, अजून कॉलेजात असलेला मुलगा, “मी एक व्हेसल शोधतो” असं अगदी सहज बोलून गेला. कोणी दचकलं नाही. ते न दचकणं मला घरी जाताना आठवत राहिलं.

मग त्यांचा कायदा. मोठ्या शहरांवर राज्य करणारी जी संघटना आहे, कॅमरिला, तिच्या सहा परंपरा आहेत. माणसांसमोर आपलं खरं रूप उघड करायचं नाही. आपल्या हद्दीत आपला शब्द चालतो. परवानगीशिवाय नवा व्हॅम्पायर करायचा नाही. केला तर त्याच्या चुकांचा जाब तुम्ही द्यायचा. दुसऱ्याच्या हद्दीत गेलात तर हजेरी लावायची. आपल्या जातीच्या कुणाचा नाश करायचा नाही, तो अधिकार वडीलधाऱ्यांचा.

मी ही सहाच्या सहा कलमं दोनदा वाचली. माणूस यात कुठे आहे? फक्त पहिल्यात, आणि तिथेही ज्याच्यापासून लपायचं असा. माणसाला मारू नये असं एकही कलम सांगत नाही. प्रेत सापडलं तर गुन्हा, कारण गुपित फुटतं. प्रेत नीट लपवलं तर गुन्हाच घडला नाही. संघटना वरून सभ्य दिसते: दरबार, शिष्टाचार, पाहुण्याचा मान. आतला सगळा संयम मात्र घाबरून धरलेला. कॅमरिलाच्या विरोधात उभा असलेला सॅबॅट नावाचा पंथ माणसांना उघडउघड खाद्य मानतो. त्यांची चीड यायला वेळ लागत नाही. मला कॅमरिला जास्त भयानक वाटते, कारण तिच्या दिवाणखान्यात आपण आरामात बसतो आणि तासाभराने लक्षात येतं की बाहेरच्या माणसाचा जीव इथे कुणी मोजतच नाही.

खेळाचं सगळ्यात जमलेलं अंग म्हणजे भूक. शून्यापासून पाचपर्यंत ती मोजली जाते, आणि जितकी भूक तितके तुमचे साधे फासे बाजूला ठेवून लाल फासे घ्यायचे. लाल फाशावर एक पडला आणि काम फसलं तर आतलं जनावर वर येतं. लाल फाशाच्या दहाने मोठं यश मिळालं तर कामही जनावराच्या पद्धतीनेच होतं. कुलूप उघडायला गेलात तर दारच उखडून येतं. म्हणजे कुठलंही साधं काम, बोलणं, पाठलाग, वाचन, काहीच भुकेपासून सुटं राहत नाही. आणि शून्य भूक, ती खरी शांतता, फक्त एकाच मार्गाने मिळते: एखाद्या माणसाला संपेपर्यंत पिऊन. चांगलं वागणारा व्हॅम्पायर कधीच तृप्त नसतो. हा नियम ज्यांनी बसवला त्यांचं मला मनापासून कौतुक आहे. चांगुलपणाची किंमत त्यांनी भाषणातून सांगितली नाही, ती आपल्या हातातल्या फाशांत घातली.

सवयीने मी हिशेब मांडला. रोज संध्याकाळी उठताना एक फासा टाकावा लागतो आणि निम्म्या वेळा भूक एकाने वाढते. काहीही न करता नुसतं जगायचं म्हटलं तरी आठ आठवड्यांत साधारण अठ्ठावीस. इजा न करता एका माणसाकडून एक किंवा दोन भूक भागते असं धरलं, आणि एक पिणं म्हणजे एक पिशवी असं मानलं, तर एका व्हॅम्पायरला चौदा ते अठ्ठावीस माणसं लागतात, प्रत्येकाला आठ आठवडे विश्रांती देऊन. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असतं. आम्ही ३५० किंवा ४५० मिली घेतो. पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून येतो, तांबड्या पेशी भरायला काही आठवडे लागतात आणि लोह त्याहून सावकाश. पुस्तक ‘इजा झाली नाही’ म्हणतं ते त्या रात्रीपुरतं. महिनाभरात तोच माणूस तिसऱ्यांदा सापडला तर त्याचं काय होतं, याचा नियम मला कुठे मिळाला नाही.

शिकार कशी करायची हे पात्र बनवतानाच ठरवावं लागतं. अंधाऱ्या गल्लीत झडप घालणारा, झोपलेल्यांच्या उशाशी जाणारा, मोहात पाडणारा, फक्त जनावरांवर भागवणारा, पिशवीतलं रक्त मिळवणारा. एक प्रकार स्वतःच्याच कुटुंबात लपून राहून त्यांचं रक्त पिणाऱ्याचा आहे, तो वाचताना मला पुस्तक मिटावंसं वाटलं. पिशवीवाला सगळ्यांना निरुपद्रवी वाटतो. मला नाही वाटत. प्रत्येक पिशवीवर गट असतो, तारीख असते. तांबड्या पेशी पाच-सहा आठवडे टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. शीतपेटीतून गेलेली पिशवी कुणाच्या तरी ऑपरेशनची असते. तिथे दात लागलेला माणूस दिसत नाही, एवढाच फरक.

मी निवडला तो ‘कन्सेन्शुअलिस्ट’, संमतीशिवाय न पिणारा. नाव वाचून हायसं वाटलं होतं. मग वर्णन वाचलं. हा संमती कशी मिळवतो? एक वाट म्हणजे धर्मादाय रक्तदान मोहिमेचा माणूस असल्याचं सोंग घेऊन.

इथे मला थांबून बोलायलाच हवं, कारण हे माझं काम आहे. आमच्याकडे माणूस अर्जावर सही करतो त्याआधी आम्ही त्याला सांगतो की किती घेणार, काय तपासणार, कशासाठी वापरणार, आणि सुई टोचल्यावरही तो थांबा म्हणाला तर थांबणार. सही त्या सांगण्यावर असते. ज्याला वाटतंय आपलं रक्त आजारी माणसाला जाणार आहे आणि ते खोलीतल्या कपाटाआड कुणी पितंय, त्याने संमती दिलेलीच नाही. त्याने दुसऱ्याच कशाला तरी हो म्हटलंय. सोंग हा पुस्तकाचाच शब्द आहे, म्हणजे लिहिणाऱ्यांनाही हे कळत होतं. त्याच वर्णनात शेवटची वाट सांगितली आहे: मी कोण आहे हे खरं सांगायचं आणि विचारायचं. आणि कॅमरिलाच्या लेखी तो गुपितफोडीचा गुन्हा. या समाजात फसवून प्यायलं तर चालतं, खरं सांगून विचारलं तर शिक्षा होते. आठ महिन्यांत मला या पुस्तकातलं सगळ्यात खरं वाक्य हेच वाटलं आहे, जरी ते असं कुठे छापलेलं नसलं तरी.

चाव्याने माणसाला वेदना होत नाहीत, सुख होतं. व्हॅम्पायरने जखम चाटली की ती मिटते. काहींना शेवटच्या काही मिनिटांची आठवणही पुसता येते. थोडक्यात, ज्याचं काही गेलं त्याला गेल्याचं कळत नाही. खेळाडू म्हणून हे सोयीचं आहे. पण तक्रार करायला कुणी उरत नाही, तेव्हा तक्रार कुणी मांडायची?

पुस्तकाचं उत्तर आहे: व्हॅम्पायरनेच, स्वतःच्या मनात. ह्युमॅनिटी नावाची दहा चौकोनांची पट्टी असते, बहुतेक जण सातपासून सुरुवात करतात. वाईट वागलात की रिकाम्या चौकोनांत डाग पडतात. सेशनच्या शेवटी उरलेल्या रिकाम्या चौकोनांइतके फासे टाकायचे, निदान एक तरी. एक जरी यश आलं तरी पश्चात्ताप झाला, डाग पुसले. नाही आलं तर माणुसकीतला एक चौकोन गेला. सातवर असताना एक डाग पडला तर दोन फासे मिळतात. नऊवर असताना एक डाग पडला तर एकच. जो जास्त चांगला त्याला निसटायला जागा कमी, हे मला पटतं. मन तसंच असतं.

जुन्या आवृत्त्यांत पापांची ठरलेली उतरंड होती. वरच्या पायरीवर स्वार्थी विचारसुद्धा पाप, खाली चोरी, त्याखाली भरात झालेला खून, त्याखाली ठरवून केलेला. पाचव्या आवृत्तीने ती काढून टाकली आणि खेळणाऱ्यांनी आपली तत्त्वं आपण ठरवावीत असं केलं. शिवाय प्रत्येक पात्राची एक ते तीन स्वतःची वचनं असतात आणि प्रत्येक वचनामागे एक जिवंत माणूस, टचस्टोन. माझ्या पात्राची टचस्टोन आहे ती न चुकता रक्त द्यायला येणारी एक बाई, पात्र नर्स होतं त्या दिवसांतली. तिला काही झालं तर माझ्यावर डाग. हा नियम फार सुंदर आहे. त्या बाईच्या प्रसंगांत आमच्या टेबलावर सगळ्यांचे आवाज आपोआप खाली येतात.

पण याच नियमात पुस्तकाची मोठी चूक आहे. टचस्टोन माणूस आहे कारण तो मला प्रिय आहे. बाकीचे लाखो कळपातले. आणि डाग मोजतात ते व्हॅम्पायरचं काय बिघडलं ते, माणसाचं काय बिघडलं ते नाही.

हे मला विचार करून कळलं नाही, एका पहारेकऱ्यामुळे कळलं. आमचा धाकटा झोपलेल्यांचं रक्त पिणारा व्हॅम्पायर खेळतो. वाहनतळावरचा रात्रपाळीचा पहारेकरी त्याला सोपा सापडला. कुणी मेलं नाही, कुणी ओरडलं नाही. आम्ही पहिल्या दिवशी ठरवलेलं तत्त्व होतं ‘निरपराधाचा जीव घ्यायचा नाही’, ते मोडलं नाही. डाग शून्य. चार आठवड्यांत तिसऱ्यांदा तो तिथे गेला तेव्हा मी मैत्रिणीला हळूच सांगितलं की या माणसाचं हिमोग्लोबिन आता बरंच खाली आलं असणार. तिने काही न बोलता पुढच्या प्रसंगात पहारेकऱ्याला जिना चढताना दोनदा थांबवलं. तो कठड्याला धरून उभा राहिला आणि वय झालं बहुतेक, असं स्वतःशीच म्हणाला. धाकट्याने हातातले फासे खाली ठेवले. “ताई, हे मी केलं?” त्याने मला विचारलं, पात्राच्या आवाजात नाही, स्वतःच्या.

त्या रात्रीपासून आम्ही वही ठेवतो. ज्याचं रक्त घेतलं त्याचं नाव, तारीख, आणि त्या माणसाबद्दल कळलेली एक तरी गोष्ट. पहारेकऱ्यापुढे लिहिलंय: गुडघा दुखतो, मुलीची परीक्षा जवळ आलीय. नाव लिहिता येत नसेल तर प्यायचं नाही. आठ आठवडे झाले नसतील तर डाग. शीटवरच्या ‘हर्ड’ या शब्दावर धाकट्याने पेनाने रेघ मारून ‘दाते’ लिहिलं होतं. मी त्याला ते खोडायला लावलं, कारण ते दाते नाहीत. आता तिथे काही लिहिलेलं नाही, वहीचा पान क्रमांक आहे. पुस्तकात असा नियम असायला हवा होता. अर्धं पान पुरलं असतं.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. वय आणि शक्ती वाढली की व्हॅम्पायरला जनावरांचं किंवा पिशवीतलं रक्त पुरेनासं होतं. एका पातळीनंतर त्याने भूक मुळीच भागत नाही. म्हणजे या समाजात जे वर बसलेत त्यांच्यापाशी कमी इजा करायची वाटच शिल्लक नसते, आणि नियम तेच करतात. हे कळल्यावर कॅमरिलाच्या त्या सहा परंपरांत माणूस का नाही, त्याचा मला उलगडा झाला.

पुस्तकाच्या शेवटी, समोरच्याला त्रास होणार नाही असं कसं खेळावं यावर एक भाग आहे: कुठले विषय टेबलावर आणायचेच नाहीत, कुठले आडून सांगायचे, कुणाला सहन होईनासं झालं तर लगेच कसं थांबायचं. तो भाग आधी वाचा. ज्या कंपनीने तो छापला तिनेच त्याच वर्षी एका पूरक पुस्तकात रशियातल्या चेचन्या प्रांतातल्या समलिंगी लोकांचा खरा छळ व्हॅम्पायरांच्या कटाचा भाग करून टाकला होता. खूप विरोध झाला. नोव्हेंबर २०१८ मध्ये मालक कंपनी पॅराडॉक्सने तो मजकूर काढायचं जाहीर केलं आणि व्हाइट वुल्फचं वेगळं अस्तित्व संपवलं. जी माणसं खरोखर कोंडली आणि मारली जात होती, त्यांच्या दुःखाचं कथानक करताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मूळ पुस्तक विकत घेताना हे माहीत असावं असं मला वाटतं. मी ते माहीत असून घेतलं.

बाकी पुस्तक म्हणून: सुमारे चारशे पानं, जाड पुठ्ठा, पुष्कळ छायाचित्रं. नियम इकडेतिकडे विखुरलेत. भुकेबद्दल एक गोष्ट शोधायला तीन ठिकाणी जावं लागतं, पहिले दोन महिने चिकटपट्ट्या लावूनच खेळावं लागलं. लाल फाशांचा खास संच नसला तरी अडत नाही, दोन रंगांचे दहा बाजूंचे फासे पुरतात. चार-पाच जण हवेत, सहा झाले की पहारेकऱ्यासारख्या माणसांना वेळ मिळत नाही. ज्याला नुसत्या मारामाऱ्या हव्यात त्याने घेऊ नये. ज्याचं रक्त प्यायलं गेलं त्या माणसाच्या हालांवर ज्याला हसू येतं त्याच्यासोबत मी बसणार नाही.

परवाच्या सेशनला माझं पात्र पहारेकऱ्याकडे गेलं. मी ठरवून गेले होते. तिने सगळं खरं सांगितलं: आम्ही कोण आहोत, तीन वेळा काय झालं, त्याला धाप का लागते. मग विचारलं की यापुढे चालेल का, महिन्यांच्या अंतराने, तो म्हणेल तेव्हा थांबू. मैत्रीण बराच वेळ गप्प होती. मग पहारेकरी म्हणाला, “नाही.”

आता गुपित फुटलंय. शहराच्या व्हॅम्पायरांना कळलं तर एक तर त्याची आठवण पुसायची, नाही तर त्यालाच संपवायचं. आठवण पुसली तर त्याचा नकारही पुसला जातो, आणि माझ्या शीटवरचं वचन आहे: फसवून घेतलेलं प्यायचं नाही. मी पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून चाळलं, माणूस नाही म्हणाला तर काय, याचा नियम शोधत. रात्रीचे साडेबारा झाले होते. वहीत पहारेकऱ्याच्या नावापुढे मी ‘नाही’ एवढंच लिहिलं, आणि पुढच्या वेळी कॅमरिलाचा शेरीफ, म्हणजे त्यांचा कोतवाल, त्या वाहनतळावर येईल तेव्हा दारात कोण उभं राहणार, ते ठरवायला धाकटा आणि मी एक तास आधी भेटणार आहोत.